रिव्हर्स घेताना बोलू नये

क्लच कुठे पकडतो हे मी आजवर कानानंच शिकवत आलो. इंजिनाचा आवाज जरा दबला की पाय तिथेच थांबवायचा. एवढ्यावर माझं काम भागत असे. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी गाडी शिकायला आली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

सोबत तिचा मोठा भाऊ होता. "काका, हिला शिकवाल ना? दोन ठिकाणी नाही म्हणाले." कायद्याची अडचण नव्हती. कर्णबधिर माणूस चाचणी देऊ शकतो आणि पास झाला तर त्याला परवाना मिळू शकतो, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2011 सालीच सांगितलंय. अडचण माझ्या बाजूला होती. आवाज काढून घेतला तर माझ्याकडे शिकवायला उरतं काय?

पहिल्या गिअरला फारसं अडलं नाही. टाच खाली टेकवून पाय अलगद वर घेतला की पेडलमध्ये बारीक थरथर येते, पाठोपाठ बॉनेटचं नाक केसभर उचलतं. तिनं ते लगेच टिपलं. ऐकू येणारी मुलं त्या नाकाकडे बघतच नाहीत, कारण त्यांना तशी गरज पडत नाही. खरी कसोटी रिव्हर्सला लागली. या धंद्यात मला सर्वांत जास्त छळलंय तेही रिव्हर्सनंच.

अडचण अशी, की गाडी लावताना हात भराभर चालावा लागतो आणि पाय जवळजवळ थिजलेला लागतो. माणसाच्या शरीराला हे मान्य नसतं. हातानं घाई केली की पायही घाई करतो. स्टिअरिंग फुल मारायला घेतलं की क्लच नकळत सुटतो, गाडी हिसका देते, मग घाबरून ब्रेक, आणि गाडी बंद. पाय शांत ठेवायला सांगितला तर हातही मंदावतो, आणि चाकं वळायच्या आत गाडी हातभर मागे गेलेली असते. भोसरीच्या चाचणीच्या ट्रॅकवर इंग्रजी एचच्या आकारात गाडी काढताना मुलं अडतात ती इथेच. नियम त्यांना पाठ असतात, उजवं-डावंही कळतं. हात आणि पाय वेगळे होत नाहीत, एवढंच.

जुन्या मारुती 800 ला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. उभ्या गाडीचं चाक वळवायचं म्हणजे खांदे भरून यायचे, म्हणून माणूस आपोआप गाडी जराशी सरकती ठेवून वळवायला शिकायचा. आता एका बोटानं उभ्या जागी फुल कट बसतो. टायर डांबरावर घासतात ते वेगळंच. मोठं नुकसान हे, की सरकत्या गाडीत वळवण्याची सवयच लागत नाही. त्यात आता मागचा कॅमेरा आला. पडद्यावरच्या रंगीत रेघांवर डोळे खिळले की पुढचं नाक बाहेर फिरतंय याचं भान राहत नाही. वळतात ती पुढची चाकं, त्यामुळे मागे जाताना सर्वांत जास्त झोका पुढच्या कोपऱ्याला बसतो. माझ्या शिकवायच्या गाडीवरचे बहुतेक ओरखडे पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांवर आहेत. मागचा बंपर बराच शाबूत आहे.

आमच्याच धंद्यातले काही जण आकडे पाठ करून घेतात. पोल मागच्या छोट्या काचेत आला की फुल कट, आरशात रेघ दिसली की दीड वळसा उलटा. काचेवर टिकलीसुद्धा चिकटवतात. याची मला मनापासून चीड आहे. पोरं पास होतात, नाही असं नाही. पण ती टिकली त्या एका गाडीच्या त्या एका काचेसाठी असते. ऑल्टोवर पाठ केलेला दीड वळसा वॅगनआरवर चालत नाही. सोसायटीत दोन खांबांच्या मधे स्वतःची गाडी लावायची वेळ आली की हीच मुलं वॉचमनला हाक मारतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला पंधरावा नियम चाचणीचा. त्यात अरुंद जागेत गाडी मागे घेण्याबद्दल म्हटलंय, की ती ताब्यात ठेवून आणि पुरेशा अचूकपणे घेता आली पाहिजे. ताबा आधी आलाय, अचूकपणा नंतर. मला हा क्रम फार योग्य वाटतो. गाडी पुरेशी हळू असेल तर चूक दिसते, आणि दिसली की सुधारायला वेळ मिळतो.

तर ती मुलगी. रिव्हर्सची जी घरघर इतरांना ऐकू येते तिचा तिला उपयोग नाही. रिव्हर्समध्ये नाकही उचलत नाही, उलट किंचित दबतं, आणि नजर मागे असल्यानं तेही दिसत नाही. त्याहून मोठा पेच माझा होता. ती आरशात बघत असेल तर माझा हात तिला दिसणार नाही, आणि माझ्या हाताकडे बघितलं तर आरसा सुटणार. चालत्या गाडीत मी तिला काहीही सांगू शकत नव्हतो. ड्यूअल कंट्रोलचा ब्रेक पायाखाली होता, बाकी हातात काही नाही.

मग आम्ही गाडी थांबवूनच बोलायला लागलो. मी वहीत चाकं काढून दाखवायचो, ती मान हलवायची, प्रश्न असला तर मोबाइलवर लिहायची. त्यानंतर ती एक हालचाल पूर्ण करायची, अगदी शेवटपर्यंत, आणि मी गप्प. वाकडी गेली तर वाकडी. थांबली की स्वतः उतरून चाकं बघायची. क्लच पकडण्याचा पॉइंट तिला सीटच्या पाठीतून सापडला. क्लच पकडू लागला की पाठीला येणारी थरथर जाड होते, असं तिनं लिहून दाखवलं. मी एवढी वर्षं त्याच सीटवर बसलोय, माझ्या पाठीला ते कधी जाणवलं नव्हतं. आणि तिचा पाय शांत होता. हात झपाझप फिरायचा, पाय जागचा हलायचा नाही. ज्या गोष्टीशी मी इतकी वर्षं झटतोय ती तिला बऱ्याच जणांच्या आधी जमली.

यावर मी पुष्कळ विचार केला. माझ्या आवाजाचा मला अभिमान होता, खरं सांगायचं तर अजूनही आहे. "हळू, हळू, आता फुल डावीकडे, सरळ कर, बस." या लयीवर मी किती गाड्या लावून घेतल्या. ग्राउंडच्या कडेला दुसऱ्या स्कूलचे लोक उभे असले की माझा आवाज थोडा चढायचा, त्यांनी ऐकावं म्हणून. पण "आता" म्हटलं की ऐकणाऱ्याचा हात दचकून फिरतो, आणि हात दचकला की पाय सुटतो. हिच्या कानावर "आता" पडतच नव्हता.

म्हणून हल्ली सगळ्यांनाच रिव्हर्स घेताना मी गप्प बसतो. आधी सांगतो, मग तोंड मिटतो. पैसे भरून आलेल्या माणसाला हे आवडत नाही. "सर, सांगा ना, वळवू का?" असं विचारत मधेच गाडी उभी करतात. एक काकू तर रुसल्या, म्हणाल्या, तुम्ही लक्षच देत नाही. गप्प बसून लक्ष देणं बोलून लक्ष देण्यापेक्षा किती दमवणारं आहे, हे त्यांना कसं सांगू? आणि गप्प बसूनही श्रेयाची हाव सुटलेली नाही. कुणी एका दमात गाडी लावली की आजूबाजूला कुणी बघितलं का, हे मी अजून पाहतो.

ती मुलगी पास झाली. महिन्याभरानं परत आली, कारण तिच्या इमारतीचं पार्किंग तळघरात आहे आणि एका वळणावर उतारावरून गाडी मागे वर घ्यावी लागते. तिथे नुसता हाफ क्लच पुरत नाही, रेस द्यावी लागते, आणि रेस किती झाली हे सगळं जग कानानं ओळखतं. आरपीएमच्या काट्याकडे बघावं तर मागचा खांब सुटतो. ती रेस जास्त देते, क्लच तापतो, वास येतो. सध्या हँडब्रेक ओढून गाडी आखडेपर्यंत क्लच उचलायचा, रेस पाठीला किती लागते ते बघायचं आणि मग ब्रेक सोडायचा, असं चाललंय. सपाटीवर बसतं. रॅम्पवर अजून बसलेलं नाही. रविवारी सकाळी तळघर रिकामं असतं, तेव्हा पुन्हा जाणार आहोत.