पुसण्यापूर्वी

यंत्र बिघडले की घरातील मंडळी दोन पक्षांत विभागली जातात. एका पक्षाला ते लवकर चालू व्हावयास हवे असते, तर दुसऱ्याला त्यात साठविलेले शाबूत राहावयास हवे असते. एरवी हे दोन्ही हेतू एकच भासतात. ते किती भिन्न आहेत याचा प्रत्यय गेल्या खरिपात आम्हांला वाशीम जिल्ह्यातील आमच्या अनसिंग गावी, थोरल्या काकांच्या फोनमुळे आला.

रात्री ‘अपडेट’ला लावलेला तो फोन सकाळी उत्पादक कंपनीच्या बोधचिन्हापाशीच अडून बसला. काकांपुढे दोन चिंता उभ्या राहिल्या. सोयाबीनची ई-पीक पाहणी राहिली होती. २०२१ सालच्या १५ ऑगस्टपासून आपल्या राज्यात शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः फोनवरून करतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. दुसरी चिंता काका बोलून दाखवीत नव्हते. काकू उपचारासाठी अकोल्यास असताना त्यांनी व्हॉट्सॲपवर बोलून धाडलेले निरोप त्या फोनमध्ये होते. काकू आता नाहीत.

पहिली चिंता सहज मिटली. एका फोनवरून दुसऱ्या शेतकऱ्याचीही नोंद करता येते. शेजाऱ्यांनी आपला फोन दिला आणि शेतात जाऊन काम उरकले.

दुरुस्तीच्या दुकानातील तरुणाने प्रांजळपणे सांगितले, “काका, फोन चालू होईन, पण आतलं सारं पुसावं लागते.” काकांनी फोन खिशात घातला आणि ते घरी आले. त्यांनी घाई केली नाही, हे फार बरे झाले.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. जागा अपुरी पडली, विद्युतभार संपत आला किंवा नेटवर्क मध्येच तुटले, की नवी प्रणाली पुरती बसत नाही. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून यावर एक तोड निघाली. प्रणालीसाठी दोन कप्पे ठेवावयाचे, नवी दुसऱ्या कप्प्यात बसवावयाची, आणि ती उठली नाही तर जुन्या कप्प्यातून फोन सुरू करावयाचा. परंतु सर्वच कंपन्यांनी ही सोय तत्काळ स्वीकारली नाही.

आम्ही पायरीपायरीने गेलो. फोन प्रथम तासभर चार्जिंगला ठेवला. नंतर चालू करण्याचे व आवाज कमी करण्याचे बटण एकत्र बराच वेळ दाबून तो सक्तीने पुन्हा सुरू केला. तरीही तो हलेना. तेव्हा ‘रिकव्हरी’ नावाच्या पडद्यावर गेलो. (त्यासाठीची बटणे प्रत्येक कंपनीची निराळी असतात.) तेथे ‘पुन्हा सुरू करा’ हा पर्याय निरुपद्रवी असतो, तो दोनदा करून पाहिला. उरला ‘फॅक्टरी रीसेट’. तेथे आम्ही थांबलो. आजकालच्या फोनमधील मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद असतो आणि रीसेट करताना त्याची किल्लीच नष्ट होते. म्हणून पुसलेले परत काढून देतो म्हणणाऱ्याच्या हाती पैसे ठेवू नयेत.

तेव्हा प्रश्न फोनचा न राहता प्रतीचा झाला. काकूंच्या आवाजाची प्रत अन्यत्र आहे काय? काकांचे गूगल खाते फोन घेताना विक्रेत्यानेच उघडून दिले होते आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाही ठाऊक नव्हता. मग काकांचे सिमकार्ड काढून पुतणीच्या जुन्या फोनमध्ये घातले. खात्याशी तोच क्रमांक जोडलेला असल्याने त्यावर सांकेतिक अंक आले आणि नवा पासवर्ड घेता आला. त्या खात्याच्या ड्राइव्हमध्ये ‘बॅकअप’ या सदरात व्हॉट्सॲपची प्रत दिसली. तिच्यावरील तारीख काकूंच्या निधनानंतरची होती. काकांनी ती तारीख दोनदा वाचावयास लावली.

त्यानंतरही एक दिवस थांबलो. पासवर्ड बदलल्यावर चोवीस तासांच्या आत रीसेट करू नये, अशी गूगलची सूचना आहे, कारण रीसेटनंतर फोन मागील खात्याचाच पासवर्ड विचारतो. चोरीचा फोन चोराला वापरता येऊ नये म्हणून केलेली ही तजवीज विसरभोळ्या मालकालाही दाराबाहेर उभे करते.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच्या बोटाने रीसेट केले. फोन उठला. व्हॉट्सॲपमध्ये तोच क्रमांक, तेच खाते देऊन ‘रिस्टोर’ निवडले. ही पायरी वगळून पुढे जाऊ नये, हे येथे आवर्जून सांगतो. पत्रे आधी आली. आवाज व छायाचित्रे मात्र निम्म्यावर अडली, कारण घरात नेटवर्क क्षीण होते. ज्यांच्याकडे वायफाय आहे अशा परिचितांच्या ओसरीवर फोन रात्रभर ठेवला, तेव्हा उरलेले सर्व उतरले.

सकाळी काकांनी एक निरोप लावला. काकू विचारीत होत्या, “जेवले काय? म्हशीले पाणी पाजलं काय?” एवढेच. काकांनी तो आम्हां सर्वांसमोर ऐकला आणि मग फोन घेऊन मळ्याकडे निघून गेले.

ते सर्व निरोप आता संगणकावर व एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवले आहेत. खात्यातील विनामूल्य जागा १५ जीबीच आहे आणि व्हॉट्सॲपची प्रतही आता त्यातच मोजली जाते. वाचकांच्या घरीही एखाद्या वृद्धाच्या फोनमध्ये असा आवाज असेल. फोन धड आहे तोवरच त्याची प्रत काढावी आणि खात्याचा पासवर्ड वहीत लिहून रेशनकार्डाशेजारी ठेवावा.