खोली भाड्याने देणे आहे

मोहल्ल्यात कोणी घरावर मजला चढवला की स्लॅब वाळायच्या आत आमच्याकडे येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "भाडं किती घ्यावं?" आम्ही त्याला बसवतो, चहा देतो आणि सांगतो, "भाड्याचं शेवटी बघू. आधी बाकीचं बोलू." येणाऱ्याला ते आवडत नाही. त्याला आकडा हवा असतो. पण आकडा सगळ्यांत सोपा. आजूबाजूच्या चार घरी विचारले की तो कळतो. बाकीचे कळायला आम्हाला बरीच वर्षे लागली, आणि त्यातले काही लाजेने कळले.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको. एकाने एसटीत कारकुनी केली, दुसरीने पालिकेच्या शाळेत मुले शिकवली. राहायला मिरजेत. मिरज हे दवाखान्यांचे गाव. वैद्यकीय महाविद्यालयाची मुले, नर्सबाया, कर्नाटकातून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक, सगळ्यांना इथे खोली लागते. म्हणून 2006 साली भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून आम्ही वर दोन खोल्या बांधल्या. महिना बाराशे रुपये भाडे आले. पहिले भाडे हातात पडले त्या दिवशी आम्ही बिर्याणी केली होती.

त्याच ईदला आपा आल्या. वर जाऊन खोल्या पाहिल्या, म्हणाल्या, "अब्बांच्या घराला भाडेकरू आला. बरं झालं." बस, एवढेच. साडी घेतली, शिरखुर्मा खाल्ला, गेल्या. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. घर अब्बांचे. ते 2003 साली गेले, अम्मी त्याआधीच गेल्या होत्या. मिळकत पत्रिकेवर नाव अजून अब्बांचेच होते. एक भाऊ, एक बहीण. दोन हिस्से भावाचे, एक बहिणीचा. खोल्या आमच्या पैशाने बांधल्या हे खरे, पण ज्या जागेवर बांधल्या तिचा तिसरा हिस्सा आपांचा होता. बहिणीला ईदची साडी द्यायची आणि तिच्या हिश्श्यावर भाडे खायचे, हे आपल्याकडे इतक्या घरांतून चालते की कोणाला त्यात काही वाटत नाही. हक्कसोडपत्रही आपण भाऊ लोक फुकटात लिहून घेतो, वर म्हणतो, तिने खुशीने दिले. आम्ही जागेची किंमत काढली, तिसऱ्या हिश्श्याचे पैसे तीन वर्षांत फेडले, मग आपांनी हक्कसोडपत्र केले आणि ते नोंदवले. शेवटचा हप्ता घेताना त्या रडल्या. पैसे मिळाले म्हणून नाही, कोणीतरी हिशेब केला म्हणून.

तेव्हा नव्या मालकाला आमचा पहिला प्रश्न असतो, "घर कोणाच्या नावावर आहे? आणि कोणाचं आहे?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसरी गोष्ट कागदाची. आमचा पहिला भाडेकरू ओळखीचा होता, एका दोस्ताचा भाचा. ओळखीच्या माणसाकडे कागद कसा मागायचा? जबानीवर खोली दिली. वर्षभर भाडे वेळेवर आले, मग थांबले. सात महिने थांबले. रागाच्या भरात आम्ही वरची लाईट तोडली. तो पोलीस ठाण्यात गेला आणि उलट आम्हालाच बोलावणे आले. वकिलाने समजावले तेव्हा डोळे उघडले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 सालचा. त्याच्या 55व्या कलमाप्रमाणे करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते खरे धरतात. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" असे अजूनही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. आपल्या राज्यात ते चालत नाही. आणि भाडे थकले तरी लाईट-पाणी तोडता येत नाही, तोही गुन्हाच.

शेवटी दोस्ताने मध्ये पडून भाच्याला नेले. भाडे बुडाले ते बुडालेच, दोस्तीही पहिल्यासारखी राहिली नाही. कागद केला असता तर दोन्ही वाचले असते. सूरह बकरामध्ये मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदार घेण्याविषयी 282वी आयत आहे, कुरआनातील सगळ्यांत मोठी. ती आम्ही लहानपणापासून तिलावतीत वाचत आलो, पण घराच्या जिन्यावर ती आठवली नाही. आपल्याला वाटते, कागद मागणे म्हणजे अविश्वास. खरे तर कागद विश्वास सांभाळण्यासाठी असतो.

करार करायचा तो 'लिव्ह अँड लायसन्स'चा. त्यात समोरच्याला ठरल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी मिळते, जागेत हक्क तयार होत नाही. मुदत संपूनही राहणारा निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि जास्तीच्या दिवसांसाठी दुप्पट रक्कम मागता येते. मुद्रांक शुल्क लागते एकूण रकमेच्या पाव टक्का. महिना चार हजार भाडे, वीस हजार अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरली तर ते शे-दोनशे रुपयांच्या घरात जाते. नोंदणी फी शहरात हजार, गावात पाचशे. आता आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या नोंदणी होते. शिवाय भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. अनेक शहरांत तसा आदेशच असतो, आणि काही घडले तर पहिला प्रश्न मालकालाच विचारतात.

तिसरी गोष्ट अनामत. हा शब्द म्हणजे आपल्या 'अमानत'चेच मराठी रूप. म्हणजे ती रक्कम आपली नाही, आपल्याकडे ठेवायला दिलेली आहे. पण होते काय? अनामत आली की त्यात घराचा रंग निघतो, पोरीच्या लग्नाचा मंडप निघतो. भाडेकरू जायला निघाला की मालक भिंतीवरचे खिळे मोजू लागतो. आमच्याकडूनही एकदा असे झाले. एका विद्यार्थ्याचे आठशे रुपये आम्ही "रंगाचे" म्हणून कापले. दोन वर्षे माणूस राहिला तर भिंत मळणारच, तो वापर झाला. मोडतोड वेगळी. ते आठशे पुढे त्याच्या गावी मनिऑर्डरने पाठवले, तेव्हा कुठे बरे वाटले. तेव्हापासून अनामत वेगळ्या खात्यात ठेवतो, दोन-तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेत नाही. खोली देताना पंखा, नळ, कड्या, काचा यांची यादी करून दोघांच्या सह्या घेतो, फोटो काढतो. जाताना तीच यादी समोर ठेवतो.

मोठ्या शहरांत आपल्या वस्त्यांमधून 'हेवी डिपॉझिट'चा प्रकार चालतो. एकदम मोठी रक्कम घ्यायची, भाडे घ्यायचेच नाही किंवा नावापुरते घ्यायचे. उधार दिलेल्या रकमेवर राहण्याचा फायदा घेणे हे सुदातच जमा, असे अनेक उलेमा सांगतात. गंमत म्हणजे सरकारही मुद्रांक शुल्क काढताना अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरूनच हिशेब करते. व्यवहाराच्या बाजूनेही ते घातक. रक्कम खर्च होऊन जाते, परत द्यायची वेळ आली की मालक तोंड लपवतो, आणि भाडेकरू ना पैसे घेऊन जाऊ शकतो, ना सुखाने राहू शकतो.

आता चौथी गोष्ट, आणि तीच सांगायला जड जाते.

1986 साली लग्नानंतर काही महिने आम्ही पुण्यात होतो. एका पेठेत दारावर पाटी पाहिली, 'खोली भाड्याने देणे आहे.' आत बोलावले, पाणी दिले, भाडे सांगितले. मग नाव विचारले. नाव सांगितल्यावर घरातल्या बाई आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, खोली सकाळीच गेली की." आम्ही बाहेर आलो. पाटी तशीच होती. बसथांब्यापर्यंत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

2011 साली आमच्या फाटकाशी एक नर्स आली. बीडकडची, आपल्यातलीच, तीस-बत्तीसची. सोबत सात वर्षांची मुलगी. सलाम केला, खोली पाहिली, भाडे कबूल केले. नवरा काय करतो, आम्ही विचारले. "तलाक झालाय," ती सरळ म्हणाली. आम्ही "सांगतो" म्हटले. संध्याकाळी शेजारच्या खाला आल्या. "अकेली औरत, रात की ड्यूटी. कल को कुछ बात हुई तो मोहल्ले को क्या जवाब देंगे?" दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा आमच्या तोंडून निघाले, "खोली कालच गेली, बेटी." तिने एकदा फाटकावरच्या पाटीकडे पाहिले. काही बोलली नाही. मुलीचा हात धरून निघून गेली.

पंचवीस वर्षांपूर्वीचे वाक्य जसेच्या तसे आमच्या तोंडात आले होते. त्या पुण्याच्या बाईंना आम्ही इतकी वर्षे मनातून बोल लावत आलो होतो. नाव विचारून नाही म्हणणे आणि नवरा विचारून नाही म्हणणे, यात फरक तो काय? आम्हाला घर नाकारतात ही आपली तक्रार खरी आहे. पण आपल्या हातात किल्ली आली की आपणही तेच करतो. जात विचारतो, गाव विचारतो, एकटी बाई असेल तर दार लावून घेतो.

ती कुठल्या दवाखान्यात आहे हे तिने सांगितले होते. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिथे गेलो. खोली गेली नव्हती, आम्ही खोटे बोललो, हे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने एकच विचारले, "कागद करून देणार ना? मुलीच्या शाळेला पत्त्याचा पुरावा लागतो." तोवर आम्हाला वाटायचे, कागद मालकासाठी असतो. भाडेकरूलाही तो तितकाच लागतो. शाळा, गॅस, बँक, सगळीकडे आधी पत्ता विचारतात. नोंदवलेला करार म्हणजे या गावात तिला मिळालेली जागा.

ती चार वर्षे राहिली. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे द्यायची, पावती मागून घ्यायची. (पावती देणे मालकाला कायद्याने बंधनकारक आहे, मागितली नाही तरी द्यावी.) खालांना रात्री-अपरात्री रक्तदाबाचा त्रास झाला की तिलाच बोलवायच्या. मोहल्ल्याला काय जवाब द्यायचा, हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी थोडक्यात. वरच्या मजल्याला वेगळा सबमीटर बसवावा आणि जेवढे युनिट तेवढेच पैसे घ्यावेत, विजेत नफा काढू नये. न्हाणीघरात गॅस गिझर बसवू नये. हवा खेळती नसेल तर त्याचा विषारी वायू साचून माणूस आतल्या आत बेशुद्ध होतो, जीवही जातो. विजेचे अर्थिंग तपासून घ्यावे. पाणी किती वाजता येते, फाटक किती वाजता लागते, पाहुणे चालतात की नाही, हे पहिल्या दिवशी सांगावे, तिसऱ्या महिन्यात नवे नियम काढू नयेत. स्वयंपाकघरात काय शिजते यात नाक खुपसू नये. भाडेवाढ किती ते करारातच लिहावे. न विचारता, दार न वाजवता खोलीत जाऊ नये. खोली आपली असली तरी त्या मुदतीपुरते ते दुसऱ्याचे घर असते. भाडे उत्पन्नात दाखवावे. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेतून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे लपवण्याचे कारणही नाही.

त्या नर्सची मुलगी आता मोठी झाली. शिकायला पुण्यात आहे. मागे तिचा फोन आला होता. "चाची, खोली शोधतेय. सगळं ठरतं आणि मग नाव विचारतात." आम्ही दोघंही फोनजवळ होतो. काय बोलावे सुचेना. "मिळेल, बेटा. मिळाली की कागद नीट करून घे," एवढेच सांगितले.

फोन ठेवला तेव्हा वरची एक खोली रिकामीच होती. आम्ही जिन्याखालून पाटी काढली, पुसली आणि फाटकावर लावली.