पुठ्ठ्याची शकुंतला

मेहकर तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. जालना-खामगाव मार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची. रूळ येईपर्यंत इथल्या हिवरा आश्रम गावात रेल्वे हवी तर ती टेबलावरच उभारायची. मी शकुंतला करतोय. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला पूर्वी धावणारी, वऱ्हाडचा कापूस वाहिलेली नॅरोगेज. तिच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. माझं मॉडेल १:८७ प्रमाणातलं, म्हणजे ८७ ने भागलं की पावणेनऊच्या आसपास येतं, म्हणून तयार मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ चालून जातो. डबे मात्र पुठ्ठ्यातून स्वतःच कापायचे, आणि खरा आनंद तिथेच आहे.

आजचा दिवस स्टेशनच्या छपरात गेला. पन्हळी पत्र्यासाठी जाड फॉइल कंगव्यावर दाबलं, तर पन्हळी फार रुंद उमटतात. उवांची बारीक फणी घेतली आणि हवा तसा पत्रा निघाला! त्यावर विटकरी रंगाचा पातळ हात फिरवला, की पावसाळे खाल्लेला गंज दिसू लागतो.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना तिथे जरूर न्या. परत आल्यावर मात्र तयार खेळणं घेऊ नका. पुठ्ठा, पट्टी आणि कात्री त्यांच्या हाती द्या.