सांधो

आमच्या घरात हरीण पहिल्यांदा आलं ते यूट्यूबवरून.

रात्रीचा दीड वाजला होता. प्रॉडक्शनवर रिलीज चालू होता आणि मी तो संपायची वाट बघत फोन चाळत होतो. अमेरिकेतला एक टोपीवाला काका, त्याचं गॅरेज, छताला उलटं टांगलेलं व्हाइटटेल हरीण आणि काकाच्या हातात जेमतेम वीतभर सुरी. पाऊण तासात त्याने अख्खं जनावर सुटं केलं. कुऱ्हाड नाही, करवत नाही, ठकठक नाही. मी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. का बघितला, माहीत नाही. मी आवडीने मटण खातो, पण माझ्यासाठी मटण म्हणजे काळ्या पिशवीतून घरी येणारी वस्तू.

दुसऱ्या दिवशी आबांना तोच व्हिडिओ दाखवला. आबा माझे आजोबा, वय चौऱ्याऐंशी. सावंतवाडीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथून ते विशीत मुंबईला आले, गिरणीत लागले, आणि गिरणी गेल्यावरही मुंबईतच राहिले. आता मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅलरीतल्या खुर्चीत बसून असतात. चार वर्षांपूर्वी कंपवाताचं निदान झालं. एकदा विळीवर नारळ खोवताना हात कापला, खूप रक्त गेलं. त्या दिवसापासून बाबांनी घरातल्या सगळ्या सुऱ्या वरच्या कपाटात ठेवल्यात. त्यावर कधी कोणी बोललं नाही.

आबांनी फोन नाकाजवळ धरून बघितलं.

"बरो कापता," ते म्हणाले. "पण बडबडता किती! आणि टांगून कशाक ठेवल्यान? कुसाचा नाय ता?"

मी सांगितलं, तिकडे थंडी असते, म्हणून बरेच जण मांस चार-पाच दिवस टांगून ठेवतात, ते मऊ पडतं. आबांना हे पटलं नाही. "आमच्याकडे दिवस मावळूच्या आत वाटे घालूक व्हयेत."

मग ते बोलत सुटले. एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा माणूस. शिमग्याला रजा काढून गावी जायचे. शिमग्यानंतर पारध निघायची. काही जण हाकारा घालत रान उठवायचे, काही वाटा धरून बसायचे. आबांच्या काकांकडे ठासणीची बंदूक होती. मिळालं तर बहुतेक वेळा भेकर. कुत्र्यासारखं भुंकणारं, वीस-पंचवीस किलोचं छोटं हरीण. गोळी काकांची, पण कापायचं काम आबांचं. "माझो हात बारीक होतो," ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता.

इथे कायद्याचं बोलून घेतो, नाहीतर कोणीतरी विचारेलच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्यात परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. आज भेकर मारणं सोडाच, त्याचं मांस घरात ठेवणं हाही गुन्हा आहे, आणि तो असावा असंच मला वाटतं. आमच्या गच्चीवरून संजय गांधी उद्यानाचे डोंगर दिसतात. तिथे चितळ, सांबर, भेकर सगळे आहेत. त्यांची शिकार करायचा हक्क आता फक्त बिबट्याचा.

पण मला त्या 'बारीक हाताचं' काम शिकायचं होतं. आबांची तब्येत रोज थोडी थोडी उतरत होती, हे त्यामागचं कारण. ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं की गटारी येतेय, होलसेलमध्ये मटण स्वस्त पडतं.

मग एका रविवारी सकाळी घाटकोपरच्या एका खाटकाकडून अख्खा बोकड आणला. सोललेला, मुंडी आणि पाय काढलेला, साडेआठ किलो. काळीज पित्तासकट वेगळं मागून घेतलं. "तुकडे नको? नक्की?" असं त्याने तीनदा विचारलं. रिक्षात तो बोकड मांडीवर घेऊन बसलो होतो. गोणपाटात गुंडाळला होता, तरी रिक्षावाला आरशातून बघत होता.

आमची सोसायटी अर्धीअधिक शाकाहारी आहे, त्यामुळे खिडक्या लावल्या. हॉलमध्ये जुनी ताडपत्री अंथरली. आईने जाहीर केलं की ती बहिणीकडे चाललीय आणि संध्याकाळपर्यंत फरशी होती तशी पाहिजे. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत बसले. आबांची खुर्ची ताडपत्रीच्या कडेला आणली.

पहिलाच धडा पुढच्या पायाचा. मी खांद्यापाशी हाड शोधत होतो. आबा म्हणाले, तिथे हाड नाहीच. पाय उचल आणि बगलेत बघ. खरंच की. आपल्याला गळ्याखाली आडवं हाड असतं, त्याने खांदा छातीला बांधलेला असतो. बोकडाला, हरणाला ते नसतं. त्यांचा पुढचा पाय नुसत्या स्नायूंवर लटकलेला असतो. पाय वर ओढून धरला की बगलेत एक पांढरट पापुद्रा ताणला जातो. त्यावर सुरी नुसती टेकवत न्यायची. पाय फऱ्यासकट अलगद हातात येतो. मला वाटलं होतं, जोर लागेल. इतका सहज तो निघाला की मी दचकलो.

मागचा पाय मात्र वस्ताद. तिथे खुब्याचा सांधा, वाटीत बसलेला गोटा. मी अंदाजाने सुरी घातली, हाडाला अडली, आणखी जोर लावला, टोक वाकलं. दुकानात इथे सत्तूर बसतो आणि हाडाच्या कपच्या रश्श्यात येतात. लहानपणापासून मी त्या कपच्या ताटाच्या कडेला काढत आलोय. त्या टाळता येतात हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळत होतं.

"हाड तोडू नको, बाबू. सांधो शोध."

कसा शोधू? "पाय हलव. खंय हलता ता बघ."

पाय हलवला. आत बोटाखाली गोटा फिरताना लागला. आमच्याकडे कोडमध्ये बग सापडत नसला की सीनियर हेच सांगतो, हलवून बघ. (ऑफिसची ही उपमा आबांना सांगितली नाही, तेवढी अक्कल आहे.) सांध्याभोवतीचा पडदा कापला, पाय मागे वाकवला, वाटीच्या आत एक आखूड दोरी दिसली. ती कापताच 'टक्' आवाज झाला आणि पाय सुटला.

दुसऱ्या बाजूचा पुढचा पाय राहिला होता. आबा म्हणाले, "माका दी."

मी दाराकडे बघितलं. बाबा कधीपासून तिथे उभे होते, कोण जाणे. ते काही बोलले नाहीत. मी आबांना खुर्चीवरून उतरवून पाटावर बसवलं आणि सुरी दिली. कंपवाताची थरथर हात स्वस्थ असताना जास्त असते, कामाला लागल्यावर कमी होते, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. पण मी तोवर ते कधी बघितलं नव्हतं. बघणार कसं, आम्ही त्यांना काम कुठे दिलं होतं? पातं पापुद्र्याला लागलं आणि हात थांबला. चार बोटं सरळ, स्वच्छ काप गेला. मग बोटांतली पकडच सुटली, सुरी ताडपत्रीवर पडली. आबा तिच्याकडे बघत राहिले.

बाबा पुढे आले आणि खाली बसले. बोकडाचा पाय वर ओढून धरला आणि मला म्हणाले, "काप."

एवढ्या वर्षांत बाबांनी त्यांच्या वडिलांना कापताना कधी बघितलं होतं का, हे मी विचारणार होतो. विचारलं नाही.

पाठीच्या कण्याला लागून दोन्ही बाजूंना मांसाचा लांब पट्टा असतो, दुकानात ज्याचे चाप होतात तो. आम्ही तो अखंड सोडवला. कण्याच्या आतल्या बाजूने आणखी दोन बारीक पट्ट्या निघाल्या, सगळ्यांत मऊ. आबांच्या वेळी त्या कापणाऱ्याच्या असायच्या. त्या चुलीवर भाजून तिथेच खायच्या.

काळजाशी मात्र माझा हात चुकला. पित्ताची पिशवी सोडवताना सुरी लागली आणि हिरवं पाणी काळजावर पसरलं. तेवढा भाग कापून टाकावा लागला, बाकीचं धुतलं. आबा हसले. "भेकराक पित्त नसता." मला थाप वाटली. हात धुऊन फोनवर शोधलं. खरं होतं, भेकर, चितळ, सांबर ज्या कुळातले, त्या हरणांना पित्ताशय नसतं.

काम संपत आलं तसं मी विचारलं, इतकी हरणं कापली, कधी वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर मला एक विशिष्ट उत्तर हवं होतं. डोळ्यांत पाणी, पोटातलं पिल्लू, त्यानंतर शिकार सोडली, असं काहीतरी. आबांनी माझ्याकडे मी वेडा असल्यासारखं बघितलं.

"वाईट कशाक वाटात? भूक होती."

बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एक गावलाच नाय." गोळी लागलेलं एक भेकर झाडीत पळालं. "दोन दिस शोधलंव. रगात दिसला, भेकरू नाय." तिसऱ्या दिवशी त्यांना मुंबईची गाडी धरायची होती, गिरणीतली रजा संपत होती. "कोणाच्या तोंडात गेला नाय ता," आबा म्हणाले. पन्नास-पंचावन्न वर्षं झाली असतील. ओढ्यात त्यांनी कुठल्या दगडावर रक्त बघितलं, ते त्यांनी हाताने दाखवलं, आमच्या टीव्हीच्या दिशेला.

मग वाटे. वजनकाटा आणतो म्हटलं तर नको म्हणाले. ताडपत्रीवर सात ढीग घातले. प्रत्येकात थोडी मांडी, थोडा खांदा, थोड्या बरगड्या, काळजाचा तुकडा. कुठल्या ढिगात काय कमी आहे ते आबा बोटाने दाखवायचे आणि बाबा इकडचा तुकडा तिकडे ठेवायचे. सात कोण? आम्ही, घाटकोपरचा चुलतभाऊ, अंधेरीची आत्या, बोरिवलीचे मामा, खालचा वॉचमन, माझा एक मित्र. सातवा कोणाचा, असं विचारलं तर आबा म्हणाले, देवाचो. देव मुलुंडमध्ये कुठे गाठायचा हा प्रश्न होता. शेवटी तो ढीग आईच्या बहिणीकडे गेला, कारण आईला घरी परत आणायचं होतं.

वाटे मी स्कूटरवर पोचवले. मुलुंडहून बोरिवली नकाशावर अगदी शेजारी दिसते. मध्ये शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आहे, म्हणून घोडबंदरवरून वळसा घालून जावं लागतं. मामांकडे पोचेपर्यंत साडेनऊ झाले होते. त्यांनी पिशवी उघडली, एक तुकडा उचलून दिव्याखाली धरला आणि विचारलं, "कुठल्या दुकानातलं? कपच्याच नाहीत."

वाकलेल्या टोकाची सुरी मी धार लावायला दिली होती, ती काल परत आली. ती वरच्या कपाटात गेली नाही, ओट्यावरच आहे. दिवाळीनंतर मुंडीसकट बोकड आणायचा, असं आबांनी बाबांना सांगून ठेवलंय.