सांबर कोणाशी बोलत होतं?

निसर्ग शिबिरांत मुलांना मी कितीतरी वर्षं एक गोष्ट रंगवून सांगत आलो. वाघाची चाहूल लागली की चितळ ओरडतं, स्वतःचा जीव धोक्यात घालतं आणि कळप वाचवतं. सांगताना माझाच गळा दाटून यायचा.

ती गोष्ट माझ्यापुरती ताडोबात मोडली. उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. गाइड हळूच म्हणाला, "कॉल चालू झाला." पाणवठ्यापाशी एकटं सांबर उभं होतं. शेपूट ताठ, पुढचा पाय जमिनीवर आपटत ते समोरच्या गवताकडे तोंड करून ओरडत होतं, ढांक! ढांक! पळत मात्र नव्हतं. दूरवर दुसरं सांबर नाही, चितळ नाही, झाडावर वानरही नाही. थोड्या वेळाने गवतातून वाघीण उठली आणि सांबराकडे न बघता रस्ता ओलांडून निघून गेली.

मग हा इशारा होता कोणासाठी?

घरी आल्यावर वाचायला लागलो. पॉल शर्मन यांनी कॅलिफोर्नियातल्या जमिनीत बिळं करणाऱ्या खारींवर केलेला अभ्यास 1977 साली प्रसिद्ध झाला. जवळपास मुली, बहिणी, आई असलेल्या माद्या शिकारी जनावर दिसताच जास्त ओरडत होत्या. म्हणजे त्याग होता, पण तो आपल्या रक्ताच्या माणसांसाठी. हे मला पटलं, तरी त्या एकट्या सांबराचं कोडं सुटेना.

ते सुटलं आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलाबद्दल वाचताना. तिथे माकडांनी ओरडा केला की दबा धरून बसलेला बिबट्या जागा सोडून जायचा. त्याची शिकार अवचित झडप घालण्यावर चालते. एकदा दिसला की बसून राहण्यात अर्थ नाही. चिंपांझी आले की मात्र तीच माकडं चिडीचूप. चिंपांझी झाडांवरून पाठलाग करतात, त्यांच्यापुढे ओरडणं म्हणजे आपला पत्ता देणं.

सांबर वाघिणीशीच बोलत होतं: तू मला दिसलीस.

चितळाच्या हाकेने शेजारची पाडसं सावध होतात हे आजही खरंच आहे, आणि एकाच हाकेची दोन कामं असू शकतात. पण बलिदानाची ती कहाणी मी आता सांगत नाही. मुलांना पाणवठ्यावरचं एकटं सांबर दाखवतो, ते कोणाला सांगतंय असं विचारतो आणि गप्प बसतो. ज्यांनी माझी जुनी गोष्ट ऐकली ती मुलं आता मोठी झाली असतील. हे मी त्यांच्यासाठी लिहितो आहे.