'प्रभाव' नावाचा शब्द आणि एक परदेशी चित्रकार

मराठी साहित्याच्या अध्यापनात काही शब्द इतके वापरले गेले आहेत की त्यांचा अर्थ आता कोणी तपासून पाहत नाही. 'प्रभाव' हा त्यांपैकी एक. नवकवितेवर पाश्चात्त्य काव्याचा प्रभाव, नवकथेवर मनोविश्लेषणाचा प्रभाव, नाटकावर अमुक तंत्राचा प्रभाव. उत्तरपत्रिकेत हा शब्द दिसला की परीक्षक अर्धा गुण देतो आणि पुढे सरकतो. पण 'प्रभाव पडला' म्हणजे नेमके काय घडले? कोणी कोणाला काय दिले, घेणाऱ्याने त्यातले काय ठेवले आणि काय टाकून दिले? पाऊस पडावा तसा प्रभाव वरून पडतो अशी आपली समजूत झालेली दिसते. या समजुतीत देणारा माणूसही दिसेनासा होतो आणि घेणाराही. पुढे ज्या चित्रकाराविषयी लिहिणार आहे त्याच्या बाबतीत हे फार स्पष्टपणे घडले आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरात राहून मी बरीच वर्षे साहित्यातील वाद आणि संप्रदाय शिकवले. वास्तववाद, प्रतीकवाद, अतिवास्तववाद आणि त्यांच्या रांगेत अभिव्यक्तिवाद. त्याची व्याख्या सोपी आहे: बाह्य वस्तूचे यथातथ्य चित्रण न करता कलावंत आपल्या अंतःकरणातील खळबळ वस्तूवर लादतो, त्यासाठी रेषा मोडतो, आकार ताणतो, रंग भडक करतो. १९०५ साली ड्रेस्डेन येथे किर्शनर, हेकेल, श्मिट-रॉटलुफ आणि ब्लाइल या चौघा तरुणांनी 'पूल' या अर्थाचे नाव घेऊन एक गट काढला. १९११ मध्ये म्युनिकला कँडिन्स्की आणि फ्रांझ मार्क यांचा 'निळा घोडेस्वार' आला. व्हिएन्नात त्याच सुमारास ऑस्कर कोकोश्का माणसांचे चेहरे असे रंगवू लागला की जणू त्वचेखालच्या शिरा वर आल्या आहेत. विद्यार्थी एवढे उतरवून घेत. मात्र हा वाद कोठे गेला, त्याचे पुढे काय झाले, हे आमच्या टिपणांत नसे.

त्याचे पुढे जे झाले ते भयंकर आहे. हिटलरच्या राजवटीने ही सारी कला रोगट ठरवली. १९३७ च्या जुलैमध्ये म्युनिक येथे 'अधःपतित कला' या नावाने एक प्रदर्शन भरले. सहाशेहून अधिक कलाकृती वेड्यावाकड्या टांगून, भिंतींवर टिंगलीची वाक्ये लिहून लोकांपुढे मांडण्यात आल्या आणि चार महिन्यांत वीस लाखांच्या आसपास माणसे ते पाहून गेली. एकट्या किर्शनरच्या ६३९ कलाकृती जर्मन संग्रहालयांतून काढून टाकल्या गेल्या. १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया जर्मनीच्या घशात गेला. त्याच वर्षी १५ जूनला किर्शनरने स्वित्झर्लंडमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. कोकोश्का तोवर व्हिएन्ना सोडून प्रागला गेलेला होता. १९३८ मध्ये तो लंडनला पळाला. आणि याच १९३८ मध्ये व्हिएन्नाचा आणखी एक चित्रकार, त्या मानाने फारच कमी प्रसिद्ध, आपल्या पत्नीसह मुंबईला आला. त्याचे नाव वॉल्टर लँगहॅमर.

लँगहॅमर यांचा जन्म १९०५ चा, ऑस्ट्रियातील ग्राझ गावचा. म्हणजे ड्रेस्डेनच्या त्या गटाचा आणि त्यांचा जन्म एकाच वर्षीचा. व्हिएन्नाच्या कला अकादमीत ते शिकले. त्यांची पत्नी केटे ज्यू कुटुंबातील आणि डाव्या विचारांची, त्यामुळे हिटलरच्या व्हिएन्नात या दांपत्याला जागा उरली नव्हती. काटेकोर वर्गीकरण करणारा समीक्षक त्यांना अभिव्यक्तिवाद्यांच्या पहिल्या पंगतीत बसवणार नाही. ते दुसऱ्या पिढीचे होते आणि स्वभावाने सौम्य होते. पण त्यांचा सुटा, जोरकस कुंचला आणि धीट रंग पाहिले की कोकोश्काचे व्हिएन्ना आठवल्यावाचून राहत नाही. मुंबईत त्यांना 'टाइम्स ऑफ इंडिया'त कला संचालकाचे पद मिळाले. नोकरी जाहिरातींची, मांडणीची, छपाईची. उरलेल्या वेळात मुंबईचे रस्ते, समुद्र, माणसे यांची चित्रे.

नेपियन सी रोडवरचे त्यांचे घर ही या कथेतील खरी महत्त्वाची जागा. तेथे तरुण चित्रकार जमत. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून उभे होते, पण तेथील शिक्षणाचा कणा युरोपीय वास्तवदर्शी चित्रणाचा होता. सेझान, व्हॅन गॉग, मातीस ही मंडळी एखाद्या तरुणाने ऐकलेली असली तरी रंगीत छपाईत पाहिलेली असण्याचा संभव थोडा. लँगहॅमर यांच्याकडे पुस्तके होती, छापील प्रतिकृती होत्या आणि त्या समोर ठेवून बोलण्याची हौस होती. घर म्हटल्यावर ते केटे यांचेही होते. अशा बैठकांच्या इतिहासात यजमानाचे नाव ठळक छापले जाते आणि यजमानीण चहाच्या कपांबरोबर आत जाते, हे आपल्या साहित्यिक बैठकांच्या आठवणी वाचणाऱ्यांना नव्याने सांगायला नको.

या वर्तुळात आणखी दोघे होते. रुडॉल्फ फॉन लायडन हे बर्लिनचे, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबईत आले आणि 'टाइम्स'मध्ये कलासमीक्षा लिहू लागले. (हेच लायडन पुढे आपल्या गंजिफांचे जाणकार संग्राहक आणि अभ्यासक झाले, देवघेव एकाच दिशेने होत नसते याची ही खूण.) दुसरे इमॅन्युएल श्लेसिंगर, औषधांच्या व्यवसायातले आणि चित्रे विकत घेणारे. एकाने दाखवावे, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने विकत घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. कृष्णाजी हौळाजी आरा यांनी घरकाम केले होते, मोटारी धुतल्या होत्या आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगही पाहिला होता. त्यांच्या चित्रांकडे लायडन यांचे लक्ष गेले, लँगहॅमर यांनी उत्तेजन दिले आणि १९४२ मध्ये आरांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. नागपूरच्या कलाशाळेतून मुंबईला आलेला रझा नावाचा तरुण ब्लॉक बनवण्याच्या एका स्टुडिओत काम करून शिकत होता. लँगहॅमर यांचे दार त्यालाही उघडे होते. 'प्रभाव' या शब्दाखाली प्रत्यक्षात हे सारे येते: एक टेबल, काही पुस्तके, रंगांच्या ट्यूबा, वर्तमानपत्रातला एक परिच्छेद आणि चित्र विकले गेल्यावर हातात आलेले थोडे पैसे.

१९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्याच वर्षी मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या. चित्र आणि कविता यांनी एकाच वर्षी जुनी रेषा मोडावी ही गोष्ट आपण वर्गात एकत्र सांगत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. या गटातील सहा जणांची जन्मगावे एकदा शेजारी मांडून पाहावीत. सूझा गोव्यातील साळगावचे, हुसेन पंढरपूरचे, आरा हैदराबादजवळच्या बोलारमचे, रझा मंडला जिल्ह्यातील बाबरियाचे, शिल्पकार बाकरे बडोद्याचे आणि गाडे आमच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. मुंबईच्या आधुनिक कलेचे प्रवर्तक म्हणून ज्यांची नावे आपण घेतो, त्यांतला एकही मुंबईत जन्मलेला नव्हता. परगावचे सहा आणि परदेशातून आलेले तिघे! त्यांचे सूत जुळले यात केवळ कलाविषयक मतांचा भाग असेल असे मला वाटत नाही. आपले गाव मागे टाकून आलेल्या माणसाला दुसऱ्याचे उपरेपण लवकर ओळखू येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'युरोपातून आलेल्या तीन गोऱ्यांनी भारतीय आधुनिक कला घडवली' असे वाक्य कधीकधी वाचायला मिळते. ते चूक आहे. १९४८ मध्ये दिल्लीला भरलेल्या प्राचीन भारतीय कलेच्या प्रदर्शनात हुसेन आणि सूझा यांनी मथुरेची शिल्पे आणि पहाडी लघुचित्रे पाहिली, त्यांचे ऋण त्यांच्या चित्रांत उघड दिसते. अमृता शेरगिल १९४१ मध्येच जग सोडून गेली होती, पण नवी वाट तिने आधीच दाखवली होती. कलकत्त्याला १९४३ मध्ये तेथला गट निघाला होता. लँगहॅमर यांनी या तरुणांना घडवले नाही. त्यांना हवे ते निवडता येईल इतके त्यांच्यापुढे ठेवले. या दोन विधानांत जे अंतर आहे, तेच 'प्रभाव' हा सैल शब्द पुसून टाकतो.

हरी अंबादास गाडे यांचे नाव मी प्रथम वर्गात घेतले तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "मॅडम, हे गाडे आपल्या इकळचेच व्हय का?" तळेगाव दशासर त्याला माहीत होते, वऱ्हाडात ते शंकरपटासाठी सर्वांना माहीत आहे. गाडे १९१७ चे. नागपूर विद्यापीठाचे विज्ञानाचे पदवीधर. जलरंगातील निसर्गचित्रांपासून सुरुवात करून पुढे ते तैलरंगाकडे वळले. गावे, घरे, छपरे यांचे त्यांनी भौमितिक तुकडे केले आणि विषयापेक्षा रंगाला मान दिला. २००१ मध्ये ते गेले. सूझा, हुसेन, रझा यांच्या नावांना आलेले वलय त्यांच्या वाट्याला आले नाही. वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात भिंतीची सावली किती कडक कापलेली दिसते हे ज्याने पाहिले आहे, त्याला गाड्यांच्या चित्रांतील घरांच्या कडा परक्या वाटणार नाहीत. ही त्या चित्रांची उपपत्ती नव्हे. इकडच्या डोळ्याला तेथे शिरायला एक फट सापडते, एवढेच.

माझ्या मनाला मात्र गाड्यांपेक्षाही लँगहॅमर अधिक लागून राहिले, याला एक घरचे कारण आहे. माझे वडील जुन्या शहरातील एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांना मुले बसवायची, वस्तुचित्र आणि संकल्पचित्र घोटून घ्यायचे, यात त्यांचे आयुष्य गेले. नियतकालिकांत छापलेली रंगीत चित्रे ते कापून एका फायलीत चिकटवत आणि होतकरू मुलांना रविवारी घरी बोलावून दाखवत. त्यांतले काही पुढे मुंबईला, पुण्याला गेले, नावारूपाला आले. वडिलांनी स्वतः काढलेली मोर्णेची, असदगडाच्या बुरुजांची जलरंगातील चित्रे घरच्या ट्रंकेत राहिली. ते वारल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "सरांची खरी चित्रं म्हणजे त्यांचे विद्यार्थी." म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण ते वाक्य ऐकताना मला दर वेळी आतून काहीतरी टोचत असे. कारण पहाटे उठून नदीकाठी बसणारा माणूस विद्यार्थी रंगवत नव्हता. तो नदी रंगवत होता.

लँगहॅमर यांच्यावर जे थोडे लिहिले गेले त्यातही बहुधा हेच वाक्य वेगवेगळ्या रूपांत येते. १९५७ मध्ये ते मुंबई सोडून लंडनला गेले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले. सुमारे दोन दशके या शहरात राहून त्यांनी जी चित्रे काढली त्यांविषयी कोणी फारसे विचारीत नाही. रझा आणि आरा यांच्या चरित्रांत तळटीप म्हणून ते येतात आणि जातात. त्यांची चित्रे थोर आहेत असा माझा दावा नाही. किर्शनरच्या रस्त्यांत जी दहशत आहे ती लँगहॅमर यांच्या मुंबईत नाही. त्यांच्या मुंबईत ऊन आहे, गर्दी आहे आणि घर गमावलेल्या माणसाने दुसऱ्याच्या गावाकडे पाहावे तशी कृतज्ञ, किंचित बुजरी नजर आहे. जो वाद युरोपात आक्रोश म्हणून जन्मला, तो येथे येईतो निवळला. हे निवळणे म्हणजे केवळ दुर्बलता, की सुटका झालेल्या माणसाची मनःस्थिती? हा प्रश्न त्यांच्या चित्रांसमोर उभे राहूनच सोडवावा लागेल. शिष्यांची यादी वाचून तो सुटणार नाही.

म्हणून अलीकडे एखादा विद्यार्थी प्रबंधात 'प्रभाव' लिहून आणतो तेव्हा मी तो शब्द खोडत नाही, त्याच्याखाली चार प्रश्न लिहिते. देणाऱ्याने नेमके काय दिले? कोणत्या साधनाने ते पोहोचले: पुस्तक, छापील पान, घर, नोकरी, पैसा? घेणाऱ्याने काय नाकारले? आणि देणारा स्वतः त्या काळात काय करीत होता? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुले हुडकून आणतात; ती हुशार आहेत. चौथ्यापाशी बहुतेक अडतात, कारण ग्रंथालयात त्या नावाचे पुस्तकच नसते. मग मी त्यांना घेणाऱ्यांची चरित्रे बाजूला ठेवून देणाऱ्याचे काम शोधायला सांगते. एका मुलीने गेल्या वर्षी परत येऊन सांगितले की तिला तिच्या कवीच्या शाळामास्तरांची हस्तलिखित वही त्यांच्या नातवाकडे मिळाली आहे आणि त्यातल्या कविता काही फार चांगल्या नाहीत, पण तीन आहेत. त्या तिघींवर तिने एक स्वतंत्र प्रकरण लिहायला घेतले आहे.