अठराच्या आत

एप्रिलमधल्या एका सकाळी सिरसाळ्याकडचे एक आबा माझ्या परळीतल्या दुकानात आले. पिशवीतून मी बनवलेला ऑटो काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "लेकरा, याच्यावर भरवसा ठेवून झोपलो मी. लाइट आली, पण मोटर चालूच झाली नाही. भुईमुगाचं पाणी चुकलं." एवढं बोलून ते बाकावर बसले.

शेतीची थ्री फेज लाइट रात्रीच्या पाळीला असली की अंधारात, साप-विंचवातून विहिरीवर जावं लागतं. ते टाळायला शेतकरी स्टार्टरला ऑटो जोडतात. लाइट आली की ऑटो थोडा थांबतो, व्होल्टेज स्थिरावू देतो आणि मग मोटर चालू करतो. माझ्या ऑटोत हे थांबणं 555 नावाचा टायमर आयसी मोजायचा. 40 सेकंद. त्या हंगामात असे बावीस ऑटो मी विकले होते.

आबांचा ऑटो उघडला. आयसी मेलेला होता. नवा बसवला, ऑटो चालू झाला, आबा गेले. पण पुढच्या पंधरा दिवसांत आणखी चार ऑटो परत आले. तीन ऑटोंत आयसी गेलेला, चौथ्यात 40 सेकंदांचे कधी दोन मिनिटं व्हायचे, तर कधी मोटर चालूच व्हायची नाही. एक आयसी जाणं समजू शकतं. पाच ऑटो परत आले म्हणजे चूक माझ्या हाताची.

चूक कुठे आहे, हे मला आतून ठाऊक होतं. खर्च वाचावा म्हणून मी ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर यांच्यावरच भागवलं होतं, व्होल्टेज एकसारखं ठेवणारा रेग्युलेटर टाकला नव्हता. टेबलावर 230 व्होल्टला आयसीच्या पायावर 16.8 व्होल्ट यायचे. आयसीच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, कमाल आकडा 18 दिसला आणि मी मनाशी म्हटलं, अठराच्या आत आहे ना, मग झालं.

त्या रात्री तीच डेटाशीट पुन्हा नीट वाचली. तिच्यात दोन तक्ते आहेत. 'ॲब्सोल्यूट मॅक्सिमम'च्या तक्त्यात 18 व्होल्ट. 'रेकमेंडेड'च्या तक्त्यात 4.5 ते 16 व्होल्ट, आणि तापमान 0 ते 70 अंश. पहिला तक्ता एवढंच सांगतो की याच्या पलीकडे गेलात तर आयसी कायमचा बिघडू शकतो. याच्या आत तो नीट काम करील, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. उलट, कमाल मर्यादेवर फार वेळ ठेवला तर आयसीचा भरवसा कमी होतो, असा स्पष्ट इशारा असतो. काम करण्याची हमी फक्त दुसऱ्या तक्त्यात आहे. मी माझे ऑटो या दोन तक्त्यांच्या मधल्या पट्ट्यात राहायला पाठवले होते.

दुसऱ्या रात्री मीटर घेऊन आबांच्या विहिरीवर गेलो. आजूबाजूच्या मोटारी बंद झाल्या तशी लाइन 240 व्होल्टपर्यंत चढली. यात वावगं काही नाही, एवढा चढ-उतार धरूनच चालायचं असतं. पण माझ्या आयसीवर 17.6 व्होल्ट आले. शेजारची एखादी मोटर बंद होताना लाइनला जो झटका बसतो, त्याच्यासाठी उरले 0.4 व्होल्ट. त्यात दुपारी उन्हात पत्र्याची पेटी आतून 63 अंशांवर गेलेली मी मोजली होती. अशा उष्णतेत वेळ मोजणारा कपॅसिटरही गळू लागतो. चौथ्या ऑटोचे सेकंद त्यामुळेच चुकत होते.

घरी वडिलांना हे सांगितलं. त्यांची हयात थर्मल वीजकेंद्रात बॉयलरच्या कामावर गेली. ते म्हणाले, "अरे, वाफ 540 अंशांच्या आसपास ठेवायची म्हणून आम्ही का जागायचो? नळी थोडी जास्त तापली म्हणून त्या दिवशी फुटत नाही. आतून थकते. फुटते नंतर, आणि मग 210 मेगावॅटचा सेट बंद होतो. नळी फुटली नाही म्हणजे बरी आहे, असं आम्ही कधी धरलं नाही."

त्या पट्ट्याचा अर्थ मला तेव्हा लागला. 16 आणि 18 मधली जागा अवचित येणाऱ्या झटक्यासाठी राखलेली होती. ती मी रोजच्या वापरात खर्चून टाकली, आणि त्याची किंमत आबांच्या भुईमुगाने मोजली.

बावीसही शेतकऱ्यांना फोन केले आणि एकेक ऑटो परत मागवला. प्रत्येकात 7812 रेग्युलेटर टाकला, लाइनच्या तोंडाशी झटका शोषणारा एमओव्ही बसवला, कपॅसिटर 85 ऐवजी 105 अंशांचे घातले. कोणाकडून पैसे घेतले नाहीत. पेटी सावलीच्या बाजूला लावा, असं प्रत्येकाला सांगितलं.

आबांचा ऑटो बसवायला मी स्वतः गेलो. त्यांना झोपायला सांगितलं, पण ते बॅटरी घेऊन माझ्याजवळ बसून राहिले. बाराच्या सुमारास लाइट आली. मीटरवर 12.0 व्होल्ट. दोघंही मनात मोजत होतो. चाळिसाव्या सेकंदाला स्टार्टर खटकला, पाइपातून आधी हवा आणि मग पाणी आलं. आबांनी पाण्याची धार सरीत वळलेली पाहिली आणि म्हणाले, "आता उद्यापासून झोपतो."